ईशान्य कोपऱ्यातला माणूस

बाबांना घर नको होतं, जमीन हवी होती. घर काय, भाड्याचंही चालतं, असं ते म्हणत. अमेरिकेत आल्यापासून आम्ही तिघं टेक्सासातल्या शुगर लँड गावात एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर राहत होतो. वरच्या मजल्यावरचा माणूस रोज संध्याकाळी घरातल्या घरात बास्केटबॉल आपटायचा आणि खालून आईचा कुकर त्याला शिट्ट्यांनी उत्तर द्यायचा. मला त्यात गंमत वाटे, पण आपल्या डोक्यावर दुसऱ्याची जमीन आहे हे बाबांना सहन होत नसे. शेवटी गावाबाहेर, जिथे तेव्हा नुसती शेतं होती, तिथे एक नवी वसाहत होणार असल्याचं त्यांना कळलं आणि एका रविवारी त्यांनी आम्हाला प्लॉट दाखवायला नेलं. वसाहतीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आज तिथे आपलीच पुष्कळ माणसं राहतात, त्यांना उगाच फोन जायचे.

गाडीतून उतरल्याबरोबर आईने चपला काढल्या आणि ती ढेकळांवर उभी राहिली. "अहो, ही तर आपली काळी माती!" ती म्हणाली. खरंच होतं ते. आमच्या सांगलीकडे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तशाच इथेही पडल्या होत्या, आणि वारा फिरला की साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत होता. टेक्सासात येऊन सांगलीचाच वास येतो याचं आईला इतकं अप्रूप वाटलं, की प्लॉटची निवड तिथेच झाली. बाबांनी माती मुठीत घेऊन दाबून पाहिली आणि ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, पाया नीट घालायला हवा, असं इंजिनिअरच्या आवाजात सांगितलं. ते तेलाच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या एका कंपनीत होते आणि जमिनीखालच्या सगळ्या गोष्टी आपल्याला कळतात अशी त्यांची समजूत होती.

आई मिरजेला शिकलेली डॉक्टर होती, पण इथल्या परीक्षा देईपर्यंत ती कुणीच नव्हती. तिची जाड जाड पुस्तकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलेली असत. एका हाताने ती गवार मोडायची, दुसऱ्या हाताने पान उलटायची, आणि पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणायची, "विचार गं मला, कुठलंही विचार." मी शाळेतून आले की आमची ही उजळणी चाले. मी इंग्रजीत हाडांची नावं विचारत असे आणि ती फोडणी देता देता उत्तरं देत असे. वरण कितीदा तरी उतू गेलं, पण हाड एकही चुकलं नाही. इंग्रजीतलं बाकी सगळं काम माझ्याकडे होतं. फोन मी घ्यायचे, फॉर्म मी भरायचे, दारावर आलेल्या सेल्समनला मी परतवायचे. पंधरा वर्षांची होते मी, पण घराचं तोंड मीच होते.

शाळेची बस आमच्या अपार्टमेंटपासून सुटायची, म्हणून सकाळी पहिली चढणारी मी असायचे. बस चालवायच्या मिसेस प्रुइट. साठीच्या आसपासच्या, उंच, कायम इस्त्रीचा शर्ट घातलेल्या. आमच्या घरात त्यांच्यासारख्यांना तेव्हा 'काळे' म्हणत आणि तो शब्द आवाज खाली आणून उच्चारत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. शेतावरची मुलं घ्यायला बस लांबचा फेरा घ्यायची. त्या अर्ध्या-पाऊण तासात बसमध्ये आम्ही दोघीच असायचो. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसायचे आणि त्या आरशातून माझ्याशी बोलायच्या. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यात त्याची लय जाते याचं मला वाईट वाटतं, पण त्याला इलाज नाही.

"तो पूल बघ, शूबा," त्या म्हणायच्या. माझं नाव शुभा, पण त्यांच्या तोंडून मला शूबाच आवडायचं. "माझी आई लहान असताना त्या पुलाला एक माणूस टांगलेला होता. तुरुंगातून ओढून आणला होता. बघायला आलेल्यांनी फोटो काढले, त्यांची पोस्टकार्डं केली आणि नातेवाइकांना पाठवली. कोण होते ते? दुकानदार, बँकेतला कारकून, सगळी ओळखीची माणसं." हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढत नसे. गिअर बदलावा तसा त्या विषय बदलत. पूल मागे पडला की उसाचे जुने मळे यायचे, आता ओसाड पडलेले, आणि तिथे त्या बसचा वेग कमी करायच्या.

गुलामगिरी कायद्याने संपली, पण ऊस तोडायला माणसं तर हवीच होती. मग माणसं पकडायला लागले. काम नसताना रस्त्यावर दिसला, पकड. गोऱ्या माणसाला उलटून बोलला, पकड. तुरुंगात घालायचं आणि तुरुंगातून मळेवाल्यांना भाड्याने द्यायचं. गुलाम मेला तर मालकाचं नुकसान व्हायचं, इथे तेही नव्हतं. माणसं तापाने मेली, फटक्यांनी मेली, पळाली म्हणून पाठीत गोळी खाऊन मेली. मिसेस प्रुइटचे आजोबा, एझ्रा त्यांचं नाव, रेल्वेच्या रुळांवरून चालत काम शोधायला निघाले होते आणि उनाड म्हणून धरले गेले. त्यांची बायको दर रविवारी मक्याची भाकरी फडक्यात बांधून अर्धा दिवस चालत मळ्यावर जायची. एका रविवारी फाटकावरच्या शिपायाने भाकरी घेतली नाही. तो आता इथे नाही, एवढंच तो म्हणाला. "नाही म्हणजे कुठे जाणार?" मिसेस प्रुइट आरशात बघून म्हणायच्या. "मळ्याच्या कडेला, जिथे नांगर फिरत नाही, तिथे पुरायचे. आजीने माझ्या आईला जागा दाखवली, आईने मला." आणि त्या स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून शेताची एक कड दाखवायच्या. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात त्या काळाबद्दल साखरेचं उत्पादन कसं वाढलं एवढंच होतं.

आमचा प्लॉट त्याच कडेला होता. मिसेस प्रुइटनी बोट दाखवलं त्या पहिल्याच दिवशी मला हे कळलं होतं, पण मी घरात बोलले नाही. बाबा नकाशावर रोज नवीन खोल्या काढत होते. त्यांच्या त्या आनंदात मला काही कालवायचं नव्हतं.

बिल्डरने पाया ओतण्याआधी भूमिपूजन करायचं ठरलं. तेव्हा त्या भागात आपली माणसं मोजकीच होती आणि गुरुजी एकही नव्हता. होते ते वझेकाका. ते केमिकल इंजिनिअर. वडील वाईला भिक्षुकी करायचे आणि त्यातून सुटायला म्हणून काका इंजिनिअर झाले होते, पण इथे येऊन शेवटी तेच काम गळ्यात पडलं. मंत्र पाठ नव्हते, म्हणून त्यांनी वडिलांच्या आवाजातल्या कॅसेट मागवल्या होत्या. रविवारी सकाळी आमच्या गाडीच्या बॉनेटवर टेपरेकॉर्डर ठेवला, वाईचे गुरुजी मंत्र म्हणू लागले आणि वझेकाका सोवळं नेसून, डोळ्यांवर गॉगल लावून, "थांब, थांब, इथे पॉज कर," असं मला सांगू लागले. बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं. कॅसेटमधल्या गुरुजींनी ईशान्य कोपऱ्यात हातभर खड्डा खणायला सांगितला. हातभर पुरे होता, पण बाबांना खालची माती बघायची होती. ते खणत राहिले. कमरेइतके आत गेल्यावर फावडं कशाला तरी लागलं.

बाबांनी ते मूळ समजून ओढलं. आईने त्यांच्या हातातून घेतलं, पदराने पुसलं, दोन्ही टोकं पाहिली आणि परीक्षेतल्यासारखं इंग्रजीत त्या हाडाचं नाव सांगितलं. मग मराठीत म्हणाली, "नडगी आहे. माणसाची."

"गाईची असेल," बाबा म्हणाले.

"मग मी पाच वर्षं काय गुरांच्या दवाखान्यात शिकले?" आई खाली वाकली. तिने हातानेच माती उकरून मांडीचं हाड काढलं, आणखी काही लहान हाडं काढली, ती आपल्या पायाशी लावून पाहिली. "पुरुष. चांगला उंच. आणि म्हातारा नव्हता हो." मी पॉज करायचं विसरले होते. वाईचे गुरुजी कॅसेटमधून आम्हाला धनधान्य आणि दीर्घायुष्य देत होते.

"मिसेस प्रुइट म्हणतात की इथे कैदी पुरलेत," मी म्हणाले. "उसाच्या मळ्यावरचे."

"कोण मिसेस प्रुइट?"

"आमची बस चालवतात त्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमचे ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा सरकारात गेलेले होते. "पोलीस आले की पहिला प्रश्न, तुम्ही कोण," ते म्हणाले. "काम थांबेल. चौकशी होईल. पेपरात नाव येईल. वझे, काय करायचं हो?"

वझेकाकांना मात्र एकदम हुरूप आला. "अहो रानडे, याला शल्य म्हणतात! जमिनीत हाड निघालं तर ते काढायचं, वाहत्या पाण्यात सोडायचं, शांत करायची. मग भूमी शुद्ध. माझ्या वडिलांनी दोनदा केलंय. पोलीस कशाला? शास्त्रात प्रोव्हिजन आहे." आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, हे कबूल करते. आपण काहीतरी लपवतो आहोत असं त्या क्षणी कुणालाच वाटलं नाही, उलट एका अनोळखी माणसाचं कुणी करणारं नव्हतं ते आपण करतो आहोत, असंच वाटलं.

आणि केलंही मनापासून. बाबांच्या नव्या पांढऱ्या पंच्यात ती हाडं बांधली. ब्रॅझॉस नदीवर गेलो. झेंडू मिळाला नाही, म्हणून दुकानातून गुलाबी कार्नेशन घेतली होती. आईने भारतातून येताना काशीच्या गंगेचं पाणी भरलेला एक तांब्याचा गडू आणला होता, तोंड लाखेने बंद केलेला. तो आम्हा तिघांच्या शेवटच्या वेळेसाठी होता. आईने तो फोडला आणि त्या हाडांवर सगळा ओतला. बाबा गुडघाभर तांबूस पाण्यात उभे राहून रडले. घरी येऊन सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, आणि त्या दिवशी आईने नुसता वरणभात केला. माझ्या आईवडिलांना मला दुष्ट म्हणता येत नाही, आणि तीच माझी या प्रकरणातली मोठी अडचण आहे.

घर झालं. ईशान्य कोपऱ्यात रीतीप्रमाणे देवघर आलं, म्हणजे बरोबर त्या खड्ड्यावर. आई रोज सकाळी तिथे निरांजन लावायची. वसाहतीत घरं भरू लागली, हिरवळी उगवल्या, आणि रविवारी आपली सात-आठ कुटुंबं आमच्याकडे जमू लागली, कारण सगळ्यांत मोठी बैठकीची खोली आमची होती. काकू लोक सावर क्रीम रात्रभर फडक्यात टांगून श्रीखंड करून आणायच्या, काका लोक शेअर आणि व्हिसा यांवर बोलायचे आणि आम्ही मुलं टीव्ही बघायचो. मी त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत असे. बस आता आमच्या वसाहतीपासून सुटायची आणि पहिली चढणारी अजून मीच होते, पण बसमध्येही मी एक सीट मागे बसू लागले होते. मिसेस प्रुइटनी ते आरशातून पाहिलं असणार.

वसंत ऋतूत वसाहतीचा दुसरा भाग बांधायचं ठरलं, उरलेल्या कडेवर. त्या आधी बांधकामाची परवानगी देणाऱ्या समितीने शाळेच्या कॅफेटेरियात एक सुनावणी ठेवली होती. मिसेस प्रुइटनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली होती, त्याचं फळ म्हणून त्यांना बोलायची परवानगी मिळाली होती. घरमालक म्हणून बाबांनाही पत्र आलं आणि इंग्रजीसाठी त्यांनी मला बरोबर घेतलं. शनिवारची दुपार होती. चर्चला घालतात तशी हॅट घालून मिसेस प्रुइट उभ्या राहिल्या. आजोबा, आजी, ती मक्याची भाकरी, पुरण्याची जागा, सगळं त्यांनी सांगितलं. समितीचा अध्यक्ष सभ्य माणूस होता. त्याने मधे तोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, गोष्टींवरून मला काम थांबवता येत नाही. मला एक हाड दाखवा. एक. सोमवारी सगळी यंत्रं बंद करतो." मागे कुणीतरी हसलं. मग अध्यक्षाने पहिल्या भागातल्या घरमालकांकडे बघून विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला खणताना काही सापडलं?"

बाबा आपल्या बुटांकडे बघत होते. मिसेस प्रुइट एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन पुढे गेली. त्यांना काही माहीत नव्हतं. मला मात्र ते वाक्य इंग्रजीत तयार होतं, व्याकरणासकट. टेलिफोन कंपनीशी भांडणारी मी, बँकेत बाबांच्या वतीने बोलणारी मी, तिथे मूग गिळून बसले. बाबांनी मला अडवलं नव्हतं. हात धरला नव्हता, डोळे वटारले नव्हते. मी स्वतःच गप्प बसले. पुढे आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण इतकी लाज मला परत कशाची वाटली नाही.

सोमवारी मी बसमध्ये चढले ती पुढच्या सीटवर जाऊन बसले. पहिला थांबा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. मिसेस प्रुइटनी बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पहिल्यांदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं ते असं : डोकं कुठल्या दिशेला होतं? शेजारी कोणी होतं का? आम्ही आणखी खणलं का? मी म्हणाले, नाही, आम्हाला जेवढी हाडं मिळाली तेवढीच काढली.

"त्याला पाण्यात सोडताना काही म्हणालात?"

मी म्हणाले, मंत्र म्हटले. आमच्यात मेलेल्याचं नाव घ्यावं लागतं आणि त्याचं गोत्र, म्हणजे तो कुठल्या घराण्यातला ते, सांगावं लागतं. आम्हाला दोन्ही माहीत नव्हतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची रीत आहे, म्हणून वझेकाकांनी काश्यप म्हटलं. काश्यप हे एक फार जुने ऋषी. मला वाटलं, हे ऐकून त्यांना थोडं बरं वाटेल.

त्यांनी पुन्हा समोर रस्त्याकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही त्याला तुमच्यातला करून घेतलंत. आणि माझ्यातून काढून नेलंत." त्यांनी बस सुरू केली. पुढच्या थांब्यावर मुलं चढली तेव्हा त्यांनी प्रत्येकाला नेहमीसारखं गुड मॉर्निंग म्हटलं. मी शाळेपर्यंत रडत होते आणि त्यांनी मला एकदाही समजावलं नाही. आज त्यांच्या त्या वयाला मीही पोचले आहे, आणि मला वाटतं, त्यांनी बरोबर केलं.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला ड्यूटी संपवून त्या आमच्या दारात आल्या. बाबा नुकतेच ऑफिसमधून आले होते. आईने आल्या आल्या पाणी दिलं. आमची पायताणं दाराशी दिसली म्हणून त्यांनी स्वतःचे बूट काढले आणि विचारलं, "कुठे?" बाबांनी देवघराकडे बोट दाखवलं. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या, पाण्याचा पेला हातात तसाच. निरांजन तेवत होतं. मग त्या बाबांकडे वळल्या. "दुसऱ्या भागात शुक्रवारी काँक्रीट ओततील. उद्या माझ्याबरोबर चला आणि त्यांना सांगा."

"मी विचार करून सांगतो," बाबा इंग्रजीत म्हणाले.

"विचार तुमचा झालेला आहे, मिस्टर रानडे," त्या म्हणाल्या. "सांगायचं राहिलंय." आणि बूट घालून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नारायणपेठ साडी नेसली, मिरजेचं डिग्रीचं सर्टिफिकेट पिशवीत घातलं आणि मिसेस प्रुइटबरोबर गेली. जे पाहिलं ते तिने समितीच्या माणसांना हाडांच्या नावांसकट सांगितलं. त्यांनी विचारलं, या राज्यात डॉक्टरकीचं लायसन्स आहे का? नाही. मग हाडं आहेत का? नाही. त्यांनी नोंदीत तिच्यापुढे 'गृहिणी' लिहिलं. घरी आल्यावर तिने आदळआपट केली नाही. इस्त्री गरम केली, बाबांचा पांढरा शर्ट घेतला आणि म्हणाली, "घर तुमच्या नावावर आहे. नोकरी तुमची आहे. खणलं तुम्ही. आता तुम्ही जा." बाबा बुधवारी गेले नाहीत. गुरुवारीही गेले नाहीत. तो शर्ट हँगरला लटकत राहिला. शुक्रवारी मी शाळेला निघाले तेव्हा ते तो शर्ट घालून, टाय लावून गाडीत बसत होते. काँक्रीटचे ट्रक पहाटेच आलेले होते.

त्यांनी तिथे जाऊन सगळं सांगितलं. त्यांचं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आभार मानले आणि कागद फायलीत गेला. आमचं ग्रीन कार्ड अडलं नाही, पोलीस आले नाहीत, पेपरात नाव आलं नाही. ज्या ज्या गोष्टींना बाबा भ्याले होते त्यातली एकही घडली नाही, आणि मला वाटतं, बाबा खरे मोडले ते त्यामुळे. नुसतं चार दिवस आधी बोलले असते तर चाललं असतं. अलीकडे याच पट्ट्यात एका बांधकामाच्या जागी पुरलेली माणसं सापडली, मोठ्या बातम्या झाल्या, अभ्यासक आले. टीव्हीवर ते बघताना मी एकटी होते आणि मी टीव्ही बंद केला नाही, शेवटपर्यंत बघितलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारनंतरच्या रविवारचं. नेहमीप्रमाणे सगळी कुटुंबं आमच्याकडे जमली होती. पुऱ्यांचा वास सुटला होता, ताटं वाढून झाली होती. तेवढ्यात बेल वाजली आणि मिसेस प्रुइट आत आल्या, त्याच हॅटमध्ये. बाबांनी त्यांना बोलावलं होतं, आम्हाला न सांगता. काकू लोक एकमेकींकडे बघू लागल्या. पाहुणी मोलकरीण की काय, असा प्रश्न एकीच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. बाबांनी मिसेस प्रुइटना खुर्ची दिली आणि ते देवघरापाशी जाऊन उभे राहिले.

"जेवायच्या आधी एक सांगायचंय," ते म्हणाले. "या इथे, देवांच्या खाली, एक माणूस पुरलेला होता. त्याला मळ्यावर राबवून मारलं होतं. मी त्याला उकरलं आणि नदीत सोडून दिलं. त्याचे आणखी सोबती शेजारी असतील, मी बघितलं नाही. आणि या बाईंनी चारचौघांत विचारलं तेव्हा मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

मग वझेकाका, हातात ताट घेऊन, हळूच म्हणाले, "अहो रानडे, असं काय करता? आपण शांत केली ना त्याची."

"शांत आपली झाली, वझे," बाबा म्हणाले. "त्याची नाही झाली."

एका काकूंनी ताट खाली ठेवलं आणि मुलांचे बूट शोधायला लागल्या. दुसऱ्या कुणाला तरी एकदम काम आठवलं. माझ्याजवळ बसलेल्या मिसेस प्रुइटनी मला विचारलं, "काय म्हणाले ते?" मी सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं घरातलं सगळं मीच तर इंग्रजीत सांगत आले होते.

"तू नको," बाबा मला म्हणाले. ते मिसेस प्रुइटच्या समोर येऊन उभे राहिले आणि जे मराठीत म्हणाले होते ते सगळं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. त्यांचं इंग्रजी पाइपलाइनीच्या कामातलं होतं, माणसांशी बोलायचं नव्हतं. दोनदा शब्द अडला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, थांबून स्वतःच शोधला. दाराशी निघालेली माणसं अर्धे बूट घालून तशीच उभी राहिली. मिसेस प्रुइट सरळ बसून ऐकत होत्या. आजीच्या वेळेपासून त्यांच्या घरातल्या कुणालाही हे कुणी सांगितलं नव्हतं, होय, तो इथे होता, असं. बाबांचं बोलणं संपलं तरी त्यांनी मान हलवली नाही, आभार मानले नाहीत, माफही केलं नाही. डोक्यावरची हॅट काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

बाबांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.